हार्ड डिस्कचे फॉरमॅटिंग व परिचालन प्रणालीची पुनःस्थापना

हार्ड डिस्कचे फॉरमॅटिंग व परिचालन प्रणालीची पुनःस्थापना : संगणकातील हार्ड डिस्कवर माहितीची नोंद करता यावी, यासाठी तिच्यावर विशिष्ट प्रकारची आखणी करावी लागते. या आखणीस फॉरमॅटिंग म्हणतात. वापरात असलेल्या डिस्कवरील जुनी आखणी मोडून ती नव्याने करणे, म्हणजे पुनःफॉरमॅटिंग होय. त्यानंतर संगणकाचा सर्व कारभार चालविणारी आज्ञावली, म्हणजेच परिचालन प्रणाली अथवा ऑपरेटिंग सिस्टिम, मूळ प्रतीवरून पुन्हा डिस्कवर उतरविली जाते. प्रणाली बिघडणे, तिच्यात विषाणूंचा शिरकाव होणे, संगणकाचा वेग मंदावणे किंवा संगणक दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, अशा प्रसंगी या दोन्ही क्रिया लागोपाठ केल्या जातात.

फॉरमॅट केलेली डिस्क कोरी होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि या तंत्राच्या इतिहासातील फार मोठ्या काळात ती खरी नव्हती. फॉरमॅटिंगने बहुधा माहितीची सूची नाहीशी होई. माहिती जागच्या जागी राही. या एका वस्तुस्थितीचे दोन परस्परविरोधी परिणाम झाले. चुकून फॉरमॅट केलेल्या डिस्कवरील कागदपत्रे अनेकदा परत मिळविता आली. उलट, पुसून टाकली असे समजून विकलेल्या डिस्कवरील खाजगी माहिती परक्यांच्या हाती पडली.

तत्त्व : हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या एक वा अधिक तबकड्या एका आसाभोवती फिरत असतात व वाचन-लेखन शीर्षे त्यांच्या पृष्ठभागापासून अत्यल्प अंतरावर सरकतात. आखणीच्या तीन पायऱ्या असतात. पहिल्या म्हणजे भौतिक आखणीत पृष्ठभागावर एककेंद्री वर्तुळमार्ग व त्यांचे सेक्टर म्हणजे लहान खंड निश्चित केले जातात व प्रत्येक सेक्टरला त्याची ओळख देणारी खूण लिहिली जाते. एका सेक्टरमध्ये दीर्घकाळ ५१२ बाइट मावत. २०१० नंतर ४,०९६ बाइटांचे सेक्टर रूढ होऊ लागले. दुसऱ्या पायरीत संपूर्ण डिस्कचे एक वा अधिक विभाग पाडून त्यांच्या सीमा डिस्कच्या आरंभी नोंदविल्या जातात. तिसरी पायरी तार्किक आखणीची. तीत प्रत्येक विभागात फाइल-व्यवस्था उभी केली जाते. म्हणजे कोणत्या नावाची फाइल कोणकोणत्या सेक्टरमध्ये आहे व कोणते सेक्टर रिकामे आहेत, हे सांगणारी कोष्टके मांडली जातात.

ग्रंथालयाच्या उदाहरणाने हा भेद स्पष्ट होतो. भौतिक आखणी म्हणजे कपाटे व फळ्या बसविणे, विभागणी म्हणजे दालने पाडणे आणि तार्किक आखणी म्हणजे ग्रंथसूची तयार करणे. जुनी सूची काढून तेथे कोरी सूची ठेवली, तर ग्रंथालय रिकामे आहे असे कागदोपत्री दिसेल; ग्रंथ मात्र फळ्यांवर तसेच राहतील. नवे ग्रंथ त्याच जागी ठेवले जाऊ लागल्यावर जुने हळूहळू नाहीसे होतील. ‘द्रुत फॉरमॅट’ या नावाने ओळखली जाणारी क्रिया नेमकी याच स्वरूपाची आहे.

प्रारंभ : चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठविणारे पहिले व्यापारी साधन आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ साली ३०५ रॅमॅक या संगणकाबरोबर बाजारात आणले. कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथील प्रयोगशाळेत रेनल्ड जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली ते तयार झाले होते. त्यात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. अशी यंत्रे भाड्याने दिली जात व त्यांची देखभाल उत्पादकाचे तंत्रज्ञ करीत. त्यामुळे डिस्कची आखणी ही वापरणाऱ्याची जबाबदारी नव्हती.

१९६४ साली जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६० या संगणकमालेबरोबर परिचालन प्रणालीस महत्त्व आले. ही प्रणाली तयार स्थितीत मिळत नसे. फितींवरून आलेल्या घटकांतून आपल्या यंत्रसामग्रीस अनुरूप अशी प्रणाली प्रत्येक संगणक केंद्रास जुळवून घ्यावी लागे. ‘सिस्टिम जनरेशन’ या नावाने ओळखले जाणारे हे काम प्रणाली-तज्ञ काळजीपूर्वक आखणी करून पार पाडीत. आजच्या प्रणाली-स्थापनेचे हे पूर्वरूप होय. १९७३ साली आलेल्या आयबीएम ३३४० या साधनात तबकड्या व शीर्षे एकाच बंदिस्त पेटीत ठेवण्यात आली. ‘विंचेस्टर’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या रचनेमुळे धुळीपासून संरक्षण मिळाले व पुढे लहान आकाराच्या हार्ड डिस्कचा मार्ग मोकळा झाला.

वैयक्तिक संगणकांचा काळ : शुगार्ट टेक्नॉलॉजी (पुढील सीगेट) या कंपनीने १९८० साली ५·२५ इंची आकाराची एसटी-५०६ ही हार्ड डिस्क तयार केली. तिची मूळ धारकता ६·३८ मेगाबाइट होती. आखणीनंतर त्यांपैकी ५ मेगाबाइट वापरासाठी उरत. म्हणजे सु. एक-पंचमांश जागा केवळ खुणा व मोकळी अंतरे यांतच खर्ची पडे. मार्च १९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी हा संगणक १० मेगाबाइटांच्या हार्ड डिस्कसह विक्रीस आणला व त्याच वेळी डॉस प्रणालीची २·० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. येथून डिस्कची आखणी तज्ञांच्या हातून सामान्य वापरकर्त्याच्या हाती आली.

त्या काळी या कामाच्या तिन्ही पायऱ्या वेगवेगळ्या होत्या. भौतिक आखणीसाठी नियंत्रक पत्रिकेवर कायम नोंदविलेली आज्ञावली चालवावी लागे. नंतर ‘एफडिस्क’ या आज्ञेने विभाग पाडले जात व ‘फॉरमॅट’ या आज्ञेने फाइल-व्यवस्था उभारली जाई. याच आज्ञेला विशिष्ट जोड दिल्यास परिचालन प्रणालीच्या मूळ फाइलीही डिस्कवर उतरत. स्वस्त डिस्कमधील शीर्षे पायरी-पायरीने फिरणाऱ्या विद्युत् चलित्राने सरकत. तापमानातील बदल व झीज यांमुळे त्यांची जागा कालांतराने किंचित ढळे व जुन्या खुणा नीट वाचता येत नसत. म्हणून अधूनमधून सर्व माहिती अन्यत्र उतरवून भौतिक आखणी पुन्हा करणे, हा देखभालीचाच भाग समजला जाई.

१९८६ च्या सुमारास नियंत्रक मंडल डिस्कवरच बसविण्याची आयडीई पद्धती आली. पुढे वर्तुळमार्गांची घनता इतकी वाढली, की मार्गदर्शक खुणा कारखान्यातील खास यंत्रांनीच लिहाव्या लागू लागल्या. भौतिक आखणी अशा रीतीने वापरकर्त्याच्या कक्षेबाहेर गेली. त्यानंतर ‘फॉरमॅटिंग’ या शब्दाने व्यवहारात बहुतेक तार्किक आखणीच समजली जाते.

एकाच आज्ञेचे अनेक अर्थ : डॉसमधील ‘फॉरमॅट’ ही आज्ञा नरम तबकडीवर (फ्लॉपीवर) चालविली, तर सर्व सेक्टर नव्याने लिहिले जात व जुनी माहिती खरोखरच नष्ट होई. तीच आज्ञा हार्ड डिस्कवर चालविली, तर सामान्यतः सेक्टर वाचता येतात की नाही एवढेच तपासले जाई व सूची कोरी केली जाई. पडद्यावरील आकडे मात्र दोन्ही वेळा सारखेच पुढे सरकत. दोहोंतील हा फरक वापरणाऱ्यास कळण्याचा मार्ग नव्हता. डॉसच्या आरंभीच्या आवृत्त्यांत डिस्कचे अक्षर न लिहिता ही आज्ञा दिल्यास चालू असलेलीच डिस्क फॉरमॅट होऊ शके. यामुळे अपघात घडत. म्हणून नंतरच्या आवृत्त्यांत अक्षर लिहिणे सक्तीचे झाले व हार्ड डिस्कच्या बाबतीत अधिक खात्री करून घेण्याची पद्धत आली.

फाइल पुसण्याच्या रीतीतही हेच तत्त्व होते. डॉसमध्ये फाइल पुसली असता सूचीतील तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक ठराविक संकेतांक लिहिला जाई व तिने व्यापलेली जागा रिकामी म्हणून नोंदविली जाई. हा संकेत त्यापूर्वीच्या सीपी/एम या प्रणालीतून आला होता. पीटर नॉर्टन या अमेरिकन आज्ञावलीकाराने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘नॉर्टन युटिलिटीज’ या आज्ञावली-संचात पुसलेली फाइल परत मिळविण्याची सोय होती व तीमुळेच त्या संचास लोकप्रियता लाभली. पुढे फॉरमॅट झालेली डिस्क पूर्वस्थितीस आणणाऱ्या आज्ञावल्याही निघाल्या. १९९१ सालच्या एमएस-डॉस ५·० या आवृत्तीत ही सोय अधिकृतपणे आली. फॉरमॅट करण्यापूर्वी जुन्या सूचीची प्रत डिस्कवर राखून ठेवली जाई व ‘अनफॉरमॅट’ या आज्ञेने ती पुन्हा स्थापित करता येई. मात्र मधल्या काळात डिस्कवर काहीही नवे लिहिले न जाणे, ही यशाची मुख्य अट होती. फॉरमॅटनंतर लगेच परिचालन प्रणाली पुन्हा बसविणे नेमके याच अटीच्या विरुद्ध असल्यामुळे, खरी हानी बहुधा फॉरमॅटिंगने नव्हे तर पुनःस्थापनेने होई.

विषाणू व फॉरमॅटिंग : १९८६ पासून वैयक्तिक संगणकांत विषाणूंचा प्रसार होऊ लागला व फॉरमॅटिंग हा त्यांवरील रामबाण उपाय मानला जाऊ लागला. या समजुतीसही मर्यादा होत्या. संगणक सुरू होताना प्रथम वाचला जाणारा सेक्टर, म्हणजे मुख्य प्रारंभ-नोंद, कोणत्याही विभागाच्या आत नसून डिस्कच्या अगदी आरंभी असतो. ‘फॉरमॅट’ ही आज्ञा विभागापुरती चालत असल्याने त्या सेक्टरला स्पर्श करीत नाही. ‘स्टोन्ड’ व ‘मायकेलअँजेलो’ यांसारखे विषाणू तेथेच ठाण मांडीत. त्यामुळे सर्व फाइली गमावून प्रणाली पुन्हा बसविल्यावरही विषाणू कायम राही. स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू करून ती नोंद नव्याने लिहिणे, हा त्यावरील खरा उपाय होता व त्यासाठी फाइलींचा नाश करण्याची गरज नव्हती. पुण्यात कैलास व संजय काटकर या बंधूंच्या संगणक-दुरुस्तीच्या व्यवसायातून १९९० नंतरच्या दशकात ‘क्विक हील’ ही विषाणुरोधक आज्ञावली निर्माण झाली. दुरुस्तीसाठी येणाऱ्या संगणकांतील विषाणूंचा उपद्रव हे तिच्या निर्मितीचे कारण होते.

पुनःस्थापनेचा प्रसार : २४ ऑगस्ट १९९५ रोजी विक्रीस आलेली विंडोज ९५ ही प्रणाली सीडीवर व १३ फ्लॉप्यांच्या संचातही मिळत असे. तिच्यात प्रणालीची व बहुतेक आज्ञावल्यांची मांडणी ‘रजिस्ट्री’ या मध्यवर्ती नोंदसंग्रहात ठेवलेली होती व अनेक आज्ञावल्या समाईक फाइलींवर अवलंबून असत. एका आज्ञावलीने समाईक फाइलीची वेगळी आवृत्ती बसविल्यास दुसरी बंद पडे. आज्ञावली काढून टाकल्यावरही तिचे अवशेष मागे राहत. दोष शोधत बसण्यापेक्षा सर्व पुसून पुन्हा बसविणे कमी वेळाचे ठरू लागले. वर्षा-दोन वर्षांनी संगणक फॉरमॅट करून घेण्याची प्रथा या काळात जगभर पसरली व दुरुस्तीच्या दुकानांतील ते नित्याचे काम बनले.

या प्रथेत तीन अडचणी वारंवार येत. पहिली म्हणजे ध्वनी, चित्र, छपाई इत्यादींसाठी लागणाऱ्या चालक आज्ञावल्या (ड्रायव्हर) जवळ नसणे. दुसरी अडचण परवान्याची. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीपासून पुनःस्थापनेनंतर प्रणाली उत्पादकाकडे नोंदवून कार्यान्वित करावी लागू लागली. तिसरी अडचण अधिक गंभीर होती. जुन्या सीडीवरून बसविलेली प्रणाली त्या सीडीच्या तारखेस परत जाते व नंतर केलेल्या सर्व सुरक्षा-दुरुस्त्या नाहीशा होतात. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ हा कृमी पसरला, तेव्हा नव्याने बसविलेला संगणक दुरुस्त्या मिळविण्यासाठी महाजालास जोडताच बाधित होण्याचे प्रकार घडले.

लिनक्स व तत्सम प्रणालींत वापरकर्त्यांच्या फाइलींसाठी वेगळा विभाग राखण्याची रीत पूर्वीपासून आहे. अशा मांडणीत परिचालन प्रणालीचा विभाग तेवढा फॉरमॅट करता येतो व व्यक्तिगत फाइलींना धक्का लागत नाही. विंडोजमध्ये मात्र प्रणाली, आज्ञावल्या व कागदपत्रे बहुधा एकाच विभागात असत; त्यामुळे प्रणालीच्या दुरुस्तीची किंमत कागदपत्रांना मोजावी लागे.

मराठी मजकुराचा प्रश्न : मराठीतून काम करणाऱ्यांना पुनःस्थापनेचा आणखी एक त्रास होता. युनिकोड रूढ होण्यापूर्वी पुण्यातील सी-डॅक या संस्थेची आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीची श्रीलिपी इ. आज्ञावल्या मराठी लेखनासाठी वापरल्या जात. त्यांच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांचे अवयव रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेले असत व प्रत्येकाची मांडणी निराळी असे. फाइलींची प्रत काळजीपूर्वक राखून ठेवली, तरी नव्या स्थापनेत तोच फॉन्ट नसल्यास मजकूर निरर्थक रोमन चिन्हांच्या रूपात दिसे. मजकूर शाबूत आहे पण वाचता येत नाही, अशी ही स्थिती होती. विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ या फॉन्टसह युनिकोड देवनागरीची सोय झाली. परंतु विंडोज एक्सपीमध्येही ही सोय मूळ सीडीवरून स्वतंत्रपणे सुरू करावी लागे व प्रत्येक पुनःस्थापनेनंतर ते काम पुन्हा करावे लागे. विंडोज व्हिस्टापासून ती प्रणालीतच अंतर्भूत झाल्यावर ही अडचण दूर झाली. मात्र जुन्या फॉन्टमधील मजकूर वाचण्यासाठी त्याचे रूपांतर करणे किंवा तो फॉन्ट जतन करणे आवश्यकच राहिले.

पुनःस्थापनेचे यांत्रिकीकरण : २००० नंतर अनेक उत्पादकांनी प्रणालीची सीडी देण्याऐवजी तिची प्रत हार्ड डिस्कच्याच एका लपविलेल्या विभागात ठेवण्यास सुरुवात केली. एखादी कळ दाबून संगणक कारखान्यातून निघालेल्या स्थितीत आणणे त्यामुळे शक्य झाले. तथापि डिस्कच निकामी झाल्यास ही प्रतही तिच्याबरोबर जाई. ॲपल कंपनीने २०११ साली मॅक ओएस एक्स १०·७ या आवृत्तीबरोबर पुनःस्थापनेसाठी वेगळा विभाग व महाजालावरून प्रणाली उतरवून घेण्याची सोय दिली. २०१२ सालच्या विंडोज ८ मध्ये व्यक्तिगत फाइली राखून प्रणाली नव्याने बसविणे व सर्व पुसून बसविणे, असे दोन स्पष्ट पर्याय ठेवण्यात आले. पूर्वी वापरकर्त्यास स्वतःच ओळखावा लागणारा भेद येथे त्याच्यापुढे प्रश्नाच्या रूपात मांडला गेला.

माहितीचा खरा नाश : सिम्सन गारफिंकेल व अभी शेलाट या मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी बाजारातून १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन त्या तपासल्या व आपले निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. वाचता आलेल्या १२९ डिस्कपैकी केवळ १२ डिस्क योग्य रीतीने पुसलेल्या होत्या. उरलेल्यांपैकी अनेक फॉरमॅट केलेल्या होत्या. तरीही त्यांवरील माहिती वाचता येत होती. या संग्रहात हजारो क्रेडिट कार्ड क्रमांक, वैद्यकीय माहिती व खाजगी पत्रे आढळली. एक डिस्क बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रातील असल्याचे दिसून आले. डिस्क विकणाऱ्यांपैकी अनेकांनी आपल्या परीने काळजी घेतली होती. त्यांना फसविले ते ‘फॉरमॅट’ या शब्दाने.

पुढे या शब्दाचा अर्थच बदलण्यात आला. विंडोज एक्सपीपर्यंत पूर्ण फॉरमॅटमध्ये हार्ड डिस्कचे सेक्टर केवळ तपासले जात. २००७ साली सर्वत्र विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टापासून त्या प्रत्येकात शून्ये लिहिली जाऊ लागली. द्रुत फॉरमॅट मात्र पूर्वीसारखाच राहिला. १९९६ साली पीटर गटमन यांनी माहितीवर ३५ वेळा पुनर्लेखन करण्याची पद्धत सुचविली होती. ती त्या काळच्या व त्यापूर्वीच्या निरनिराळ्या लेखनपद्धतींसाठी होती. आधुनिक चुंबकीय डिस्कसाठी सर्व सेक्टरवर एकदा पुनर्लेखन करणे सामान्यतः पुरेसे मानले जाते.

चुंबकीय तबकड्यांऐवजी अर्धसंवाहक स्मृती वापरणाऱ्या एसएसडी साधनांनी ही स्थिती पुन्हा पालटली. त्यांत कोणते सेक्टर निरुपयोगी झाले, हे ‘ट्रिम’ या आज्ञेने साधनास कळविले जाते व साधन ते स्वतःहून रिकामे करते. विंडोज ७ (२००९) व त्यानंतरच्या आवृत्त्यांत द्रुत फॉरमॅटच्या वेळीही ही आज्ञा दिली जाते. त्यामुळे चुकून फॉरमॅट केलेल्या एसएसडीवरील फाइली नेहमीच्या साधनांनी परत मिळण्याची आशा फारच थोडी असते. दुसरीकडे, झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून हे साधन माहितीच्या जागा सतत बदलते व काही जागा राखीव ठेवते. तेथे परिचालन प्रणालीस पोहोचता येत नसल्याने केवळ पुनर्लेखनावर विसंबता येत नाही. यासाठी साधनातच असलेली संपूर्ण विलोपनाची आज्ञा वापरतात, किंवा माहिती आरंभापासूनच कूटबद्ध करून शेवटी तिची किल्ली नष्ट करतात. भारताच्या २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात, प्रयोजन संपलेली वैयक्तिक माहिती पुसण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्या संस्थेवर टाकलेली आहे. त्या दृष्टीने या भेदास भारतात कायदेशीर महत्त्वही आले आहे.

फॉरमॅटिंग व पुनःस्थापना यांचा उपयोग करताना हेतू कोणता, यावर पद्धत अवलंबून असते. प्रणालीचा दोष दूर करणे एवढाच हेतू असल्यास फाइलींची प्रत वेगळ्या साधनावर घेणे, ती उघडून पाहणे आणि परवाने, चालक आज्ञावल्या व फॉन्ट हाताशी असल्याची खात्री करणे, ही पूर्वतयारी आवश्यक असते. चुकून फॉरमॅट झालेल्या चुंबकीय डिस्कवर काहीही न लिहिता ती बाजूला काढणे, हे माहिती परत मिळविण्याचे पहिले पाऊल होय. डिस्क दुसऱ्यास द्यावयाची असल्यास मात्र साधनाच्या प्रकारास अनुसरून माहितीचे विलोपन करावे लागते. तेथे द्रुत फॉरमॅट पुरेसा होत नाही.